पहिले दहा कोण? माझा नंबर कितवा?

चाळीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आहे. पत्रिका तपासून झाल्या आहेत. वर्गातली मुले विचारतात, "बाई, पहिले तीन कोण?" आणि मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच विचारते, "बाई, माझा नंबर कितवा?"

दोन्ही प्रश्न गुणांच्या क्रमाबद्दलच आहेत. त्यामुळे एकाचे उत्तर देता आले की दुसऱ्याचेही आपोआप देता येईल असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. गठ्ठा एकदा गुणांच्या उतरत्या क्रमाने लावला की पहिल्या प्रश्नासाठी वरच्या तीन पत्रिका उचलायच्या. गठ्ठा चाळीस हजारांचा असता तरी तीनच उचलायच्या. दुसऱ्या प्रश्नात त्या मुलीची पत्रिका शोधणेही अवघड नाही. तिचे गुण माहीत आहेत, तेव्हा गठ्ठ्यात मध्येच बोट घालून वर-खाली सरकले की पत्रिका सापडते. पण ती कितवी आहे हे पत्रिकेवर लिहिलेले नसते. त्यासाठी वरून मोजत यावे लागते.

मग प्रत्येक पत्रिकेवर क्रमांक लिहूनच ठेवला तर? तेवढ्यात एक उशिरा मिळालेली पत्रिका येते आणि तिची जागा तिसरी लागते. आता जुन्या तिसऱ्यापासून चाळिसाव्यापर्यंत ३८ पत्रिकांवरचे क्रमांक खोडून पुन्हा लिहावे लागतील.

जागा सापडणे आणि क्रमांक कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीस मुलांच्या वर्गात हा फरक जाणवत नाही. दहा लाख मुले मोबाइलवरून एखादी प्रश्नमंजुषा सोडवत असतील आणि प्रत्येकाला लगेच उत्तर हवे असेल, तर सगळे काम या फरकावरच अडते. अशा वेळी माहिती कशी मांडावी, ते या लेखात पाहू.

कोष्टके आणि त्यापुढे

संगणकात माहिती साठवण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे एकमेकांशी नाते सांगणारी कोष्टके. तिचा पाया ई. एफ. कॉड यांनी १९७० साली घातला. या पद्धतीत माहिती एकदाच आणि नेटकी लिहायची. प्रश्न कोणताही असो, तो एसक्यूएल या भाषेत विचारायचा आणि उत्तर कसे शोधायचे ते यंत्रणेवर सोपवायचे. शोध लवकर लागावा म्हणून कोष्टकाला सूची जोडतात. बायर आणि मॅक्राइट यांनी १९७२ साली मांडलेला 'बी-ट्री' हा अशा सूचीचा प्रसिद्ध प्रकार. एका संगणकात मावणाऱ्या माहितीसाठी ही पद्धत आजही उत्तम चालते.

एका संगणकात माहिती मावेनाशी झाली, तेव्हा अडचणी सुरू झाल्या. गूगलने २००६ साली 'बिगटेबल' आणि अ‍ॅमेझॉनने २००७ साली 'डायनॅमो' या आपापल्या यंत्रणांची वर्णने प्रसिद्ध केली. फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी तयार केलेली 'कॅसँड्रा' २००८ साली सर्वांसाठी खुली झाली. या आणि अशा इतर यंत्रणांना मिळून 'नोएसक्यूएल' असे नाव पडले. त्याचा अर्थ आता 'केवळ एसक्यूएल नव्हे' असा लावतात. यात बरेच वेगवेगळे प्रकार आहेत, पण आपल्याला ज्या प्रकाराशी काम आहे त्यात एक गोष्ट समान आहे: माहिती अनेक संगणकांवर वाटलेली असते, आणि कोणते प्रश्न विचारले जाणार हे आधी ठरवून मगच ती मांडायची असते.

ग्रंथालयातली कार्डे

'आधी प्रश्न, मग मांडणी' ही कल्पना शिक्षकांना नवी वाटू नये. जुन्या ग्रंथालयातली कार्डांची कपाटे आठवून पाहा. पुस्तक एकच, फळीवरची त्याची जागाही एकच. पण कार्डे तीन. एक लेखकाच्या नावाने, एक पुस्तकाच्या नावाने आणि एक विषयानुसार. तिन्ही कार्डे आपापल्या खणात अकारविल्हे लावलेली. ग्रंथपाल तीनदा लिहिण्याचा त्रास का घेत असत? कारण वाचक तीन प्रकारे विचारत येतो आणि त्याला थांबवून ठेवायचे नसते. लिहिताना केलेले जादा काम वाचताना वाचते.

नोएसक्यूएल मांडणीचे मर्म हेच आहे. जितके प्रश्न, तितके खण. तीच माहिती दोनदा-तीनदा लिहायला संकोच नाही. मात्र पुस्तक बाद झाले की तिन्ही कार्डे आठवणीने काढावी लागतात, हा त्या सोयीचा मोबदला.

किल्लीचे दोन भाग

आता आपल्या प्रश्नमंजुषेकडे वळू. प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते आणि तिचे दोन भाग असतात. पहिला भाग सांगतो की नोंद कोणत्या विभागात, म्हणजे कोणत्या खणात जाईल. दुसरा भाग सांगतो की त्या विभागात ती कोणत्या क्रमाने बसेल. समजा, विभाग म्हणून जिल्हा घेतला आणि क्रमासाठी गुण घेतले. जिल्ह्याच्या नावावर एक गणिती क्रिया करून तो विभाग कोणत्या संगणकावर ठेवायचा हे ठरते. म्हणून विभागाच्या आत क्रम असतो, पण दोन विभागांमध्ये काहीच क्रम नसतो. ही मर्यादा पुढे उपयोगी पडेल.

विभागातला क्रम मोडू न देता नवी नोंद कशी घालतात? इथे गठ्ठे मिसळण्याची जुनी युक्ती वापरतात. नव्या नोंदी आधी स्मृतीत क्रमाने जमवायच्या आणि पुरेशा झाल्या की त्यांचा लहान, क्रमवार गठ्ठा तबकडीवर लिहून टाकायचा. असे गठ्ठे साठले की दोन-दोन एकत्र करायचे. दोन्ही गठ्ठे आधीच क्रमवार असल्याने फक्त वरच्या दोन पत्रिका ताडून पाहायच्या, जास्त गुणांची उचलायची आणि पुन्हा तेच करायचे. हे वर्गात जरूर करून पाहावे. वीस-वीस पत्रिकांचे दोन क्रमवार गठ्ठे दोन मुले किती लवकर एकत्र करतात ते पाहून वर्गाला आश्चर्य वाटेल.

हरवलेली मुले

इथे आमची एक फजिती सांगण्यासारखी आहे. अशा एका मांडणीची चाचणी घेताना आम्ही विभाग म्हणून जिल्हा आणि क्रमासाठी फक्त गुण अशी किल्ली ठरवली. एका जिल्ह्यातल्या २०० मुलांच्या नोंदी घातल्या. कोणतीही तक्रार न करता यंत्रणेने त्या स्वीकारल्या. यादी मागितली तेव्हा ६३ नावे बाहेर आली. बाकीची १३७ मुले कुठे गेली?

याचे कारण साधे होते. या यंत्रणांमध्ये एका किल्लीची एकच नोंद असते. त्याच किल्लीची दुसरी नोंद आली की ती पहिलीवर लिहिली जाते आणि ही चूक मानली जात नाही. ७२ गुण मिळवलेली पाच मुले असतील तर शेवटी लिहिलेले एकच मूल उरते. शंभर गुणांच्या परीक्षेत ० ते १०० असे १०१ च निकाल शक्य आहेत. तेव्हा दहा लाख मुले बसली तरी एका विभागात १०१ पेक्षा जास्त नावे राहिलीच नसती. चाचणी दहा मुलांवर घेतली असती, तर दहाही मुलांचे गुण कदाचित वेगळे निघाले असते आणि ही चूक आम्हांला दिसलीही नसती.

उपाय असा की किल्लीच्या शेवटी प्रत्येकाचा वेगळा असणारा आसनक्रमांक जोडायचा. समान गुण असतील तेव्हा कमी वेळ घेणारा वर, असा नियम असेल तर मध्ये वेळही घालायची. मग किल्ली अशी होईल: गुण, वेळ, आसनक्रमांक.

आणखी एक खाच आहे. किल्लीचा दुसरा भाग अक्षरांच्या रूपात एकसलग लिहिला तर तो शब्दकोशाच्या नियमाने लागतो. त्या नियमाने १०० आधी, मग ८५ आणि शेवटी ९ येतो, कारण तुलना डावीकडच्या पहिल्या अंकापासून होते. म्हणून सगळ्या संख्या सारख्या लांबीच्या करायच्या: ००९, ०८५, १००. शिवाय आपल्याला गुण उतरत्या क्रमाने आणि वेळ चढत्या क्रमाने हवी आहे. कॅसँड्रात प्रत्येक रकान्याचा क्रम वेगळा सांगता येतो. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबीत यादी उलटी वाचता येते, पण मग गुणांबरोबर वेळही उलटते. तिथे गुणांऐवजी '१०० वजा गुण' लिहायचे. ८५ गुण, ७३४ सेकंद आणि आसनक्रमांक २०४१७ यांची किल्ली ०१५-०७३४-२०४१७ होते. ९ गुण आणि ६४० सेकंदांची किल्ली ०९१-०६४० अशी सुरू होते आणि आपोआप खाली जाते.

एक सावधगिरी बाळगायला हवी. आसनक्रमांक हा नोंदी वेगळ्या ठेवण्यापुरता आहे. क्रमांक ठरवण्यासाठी नाही. गुण आणि वेळ दोन्ही समान असलेल्या दोघांत आसनक्रमांक लहान म्हणून एकाला वरचा क्रमांक देणे हा अन्याय आहे. यंत्रणा यादीत कोणाला तरी आधी छापणारच. पण समान कामगिरीला समान क्रमांक, हे आपल्याला वेगळे सांगावे लागते.

पहिले दहा: स्वस्त प्रश्न

आता जिल्ह्यातले पहिले दहा सहज मिळतात. योग्य संगणकाकडे जायचे, विभागाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि दहा नोंदी वाचायच्या.

राज्यातले पहिले दहा हवे असतील तर? सगळ्यांना एकाच विभागात ठेवले तर प्रश्न सुटेल, पण मग सगळ्या नोंदी एकाच ठिकाणी लिहिल्या जातील आणि बाकीचे संगणक रिकामे बसतील. डायनॅमोडीबीत एका विभागाला सेकंदाला १००० लेखन-एककांची मर्यादाच आहे. त्यापेक्षा महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे ३६ विभाग राहू द्यावेत. प्रत्येकाकडून पहिले दहा मागवावेत आणि या ३६० नावांतून वरचे दहा निवडावेत. जिल्ह्यात अकरावा असणारा राज्यात पहिल्या दहांत येऊच शकत नाही, कारण त्याच्याच जिल्ह्यातले दहा जण त्याच्या पुढे आहेत. इथे पुन्हा गठ्ठे मिसळण्याचीच युक्ती आहे. वर्गात प्रत्येक रांगेतून पहिले तीन उभे करून ही गोष्ट पटवून देता येईल.

गुण बदलत राहिले, म्हणजे खेळासारखे वाढत गेले, तर मात्र हा प्रश्नही तितका स्वस्त राहत नाही. गुण किल्लीतच असल्याने ते नुसते दुरुस्त करता येत नाहीत. जुनी नोंद काढून नवी घालावी लागते. कॅसँड्रात काढलेली नोंद लगेच नाहीशीही होत नाही. तिथे 'इथली नोंद काढली आहे' अशी खूण राहते, आणि वेगळे काही सांगितले नाही तर ती किमान दहा दिवस ठेवली जाते. कारण त्याच माहितीच्या प्रती इतर संगणकांवर असतात. त्यांतला एखादा बंद असताना नोंद काढली आणि खूणही पुसून टाकली, तर तो सुरू झाल्यावर काढलेली नोंद पुन्हा जिवंत करील. वारंवार गुण वाढवणाऱ्या खेळाडूंच्या अशा खुणा यादीच्या वरच्या भागातच साठतात, आणि दहा नावे वाचण्यासाठी शेकडो खुणा ओलांडाव्या लागतात.

माझा नंबर: महाग प्रश्न

आता मागच्या बाकावरच्या मुलीकडे येऊ. तिचा क्रमांक सांगायचा तर तिच्या पुढे किती जण आहेत ते मोजायला हवे. दहा लाखांच्या यादीत ती मध्यावर असेल तर पाच लाख नोंदी ओलांडायच्या, आणि तेही प्रत्येक मुलाने विचारल्यावर पुन्हा पुन्हा. यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मुंबईच्या लोकलने समजून घेऊ. चर्चगेटपासून पश्चिम रेल्वेने निघालो तर विलेपार्ले कितवे स्थानक? धीम्या गाडीने एकेक मोजत जाता येईल. पण समजा आपण जलद गाडीने निघालो आणि प्रत्येक थांब्यावर 'मागच्या थांब्यापासून इतकी स्थानके पुढे आलो' अशी पाटी आहे. मुंबई सेंट्रलला पाटी ४, दादरला ४, वांद्र्याला ३. चर्चगेट पहिले धरले तर वांद्रे झाले बारावे. तिथे धीमी गाडी पकडून खार, सांताक्रूझ, विलेपार्ले: पंधरावे. पंधरा स्थानके न मोजता सहा पावलांत उत्तर मिळाले.

विल्यम प्यू यांनी १९९० साली मांडलेली 'स्किप लिस्ट' नेमकी अशीच आहे. क्रमवार यादीवर जलद, अतिजलद अशा गाड्यांचे थर असतात आणि कोणती नोंद कोणत्या थरापर्यंत जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. २००९ साली आलेल्या 'रेडिस' या यंत्रणेतल्या क्रमवार संचात हीच रचना आहे आणि प्रत्येक उडीवर 'किती ओलांडले' ही पाटीही आहे. त्यामुळे दहा लाखांच्या यादीत काही डझन पावलांत क्रमांक कळतो. नवी नोंद आली तरी तिच्या वाटेवरच्या थोड्याच पाट्या बदलतात. मात्र असा एक संच एकाच संगणकाच्या स्मृतीत मावावा लागतो. शिवाय समान गुण असतील तर रेडिस नावांच्या अक्षरक्रमाने नोंदी लावते आणि त्यांना वेगवेगळे क्रमांक देते. म्हणजे केवळ नावातल्या अक्षरांमुळे कोणी पुढे जाईल! त्यावर उपाय असा की क्रमांक न विचारता 'माझ्यापेक्षा जास्त गुण असलेले किती?' असे विचारावे आणि उत्तरात एक मिळवावा.

संचित वारंवारता

दुसरा मार्ग शिक्षकांच्या रोजच्या परिचयाचा आहे. गुणांचे वर्ग पाडायचे आणि प्रत्येक वर्गात किती जण आहेत ती संख्या वेगळी लिहून ठेवायची. आपल्या चाळीस मुलांची सारणी अशी आहे असे समजू:

९१ ते १००: २ मुले
८१ ते ९०: ५ मुले
७१ ते ८०: ८ मुले
६१ ते ७०: ११ मुले
६० व त्यापेक्षा कमी: १४ मुले

त्या मुलीला ६४ गुण आहेत. वरच्या तीन वर्गांची बेरीज १५. तिच्या स्वतःच्या वर्गात ६४ पेक्षा जास्त गुण असलेली ६ मुले आहेत असे मोजून कळले. १५ अधिक ६ अधिक १, म्हणजे तिचा क्रमांक २२ वा. ही शाळेत शिकवली जाणारी 'पेक्षा जास्त' प्रकारची संचित वारंवारता आहे. उशिरा आलेल्या पत्रिकेसाठी आता ३८ ठिकाणी खाडाखोड नाही. एका वर्गाची संख्या एकाने वाढवायची, झाले. नुसत्या गुणांवर क्रमांक द्यायचा असेल तर दहा लाख मुलांनाही १०१ आकडे पुरतात.

या मार्गातही काळजी घ्यावी लागते. नोंद लिहिणे आणि आकडा वाढवणे ही दोन कामे आहेत. मध्येच संपर्क तुटला तर एक होते आणि दुसरे राहते. 'झाले की नाही' या शंकेने तीच वाढ पुन्हा पाठवली तर ती दोनदा धरली जाऊ शकते. कॅसँड्रातल्या मोजणीच्या रकान्यांबाबत ही अडचण आहे. म्हणून ठरावीक वेळाने मूळ नोंदी मोजून आकडे जुळवून घ्यावेत, जशी महिनाअखेरीस आपण हजेरीपटाची आडवी-उभी बेरीज जुळवतो. दर पाच मिनिटांनी एकदाच सारणी बनवली तरी चालते. मात्र मुलाला दाखवताना 'सकाळी १०.०५ पर्यंतच्या निकालानुसार' असे लिहायला हवे.

उत्तर कोणाला मिळते?

माहितीच्या मांडणीत फुकट काही नसते. क्रम ठेवण्याचे काम कधीतरी करावेच लागते: लिहिताना, वाचताना किंवा अधूनमधून. ते केव्हा करायचे हे आपण कोणता प्रश्न महत्त्वाचा मानतो यावर ठरते. पहिले दहा दाखवणे स्वस्त असल्याने पुष्कळ ठिकाणी तेवढेच दाखवतात आणि बाकीच्या ९,९९,९९० मुलांना काहीच उत्तर मिळत नाही. ते मिळू शकत नाही असे मात्र नाही. १०१ आकड्यांची एक सारणी आधीच ठेवली असती तर प्रत्येकाला ते मिळाले असते. शिवाय क्रमांक उघड लावण्याऐवजी ज्याचे त्यालाच सांगता येतो, किंवा 'शंभरातल्या साठांपेक्षा तू पुढे आहेस' असेही सांगता येते.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. वरच्या मांडणीत नोंदी जिल्ह्यानुसार वाटल्या आहेत. आता कोणी विचारले की राज्यातल्या फक्त आठवीच्या मुलांत पहिले दहा कोण, तर आहे त्याच खणांतून उत्तर शोधायचे की नवा खण करायचा? नवा केला तर त्याची किल्ली काय असेल? पुठ्ठ्याची कार्डे आणि बुटांचे रिकामे खोके घेऊन मुलांनी मांडणी करून पाहावी. समान गुणांची दोन कार्डे घालायला मात्र विसरू नये.